मामाच्या जागी

सिएनाजवळ, इटली
८ जून २०२४

बाळदादा,

पोचलो सुखरूप. फोन केला नाही, कारण फोनवर तू नुसता "हां, हां" म्हणतोस आणि मग स्वयंपाकाच्या दामूला विचारतोस, काय म्हणाली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्यासारखं हे नाही, तनया माझ्या खांद्यावरून वाचते. तेव्हा आपली नेहमीची ईमेल. चष्मा लावून सावकाश वाच.

जागा सुंदर आहे हे आधी सांगून टाकते, नाहीतर म्हणशील बाईला काही आवडतच नाही. टेकड्या, द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडं, मधोमध एक जुनं दगडी शेतघर. दसऱ्यानंतर तनयाचं लग्न इथेच लागणार. मुलाकडच्या बत्रांनी सगळी जागाच घेतली आहे. आपण हलवायाच्या दुकानात उभं राहून लाडू खाऊन बघतो, तसं लग्नातलं जेवण खाऊन बघायला आम्ही दिल्लीहून विमानाने आलो आहोत. आर्यन, त्याचे आईवडील, तनया, मी आणि निहार नावाचा वेडिंग प्लॅनर. निहार चोवीस तास हसतो. झोपेतही हसत असावा.

आज दुपारी पहिली चाखणी झाली आणि दादा, मला शिसारी आली. आर्यनच्या आईला रीटाजी म्हणायचं ठरलं आहे. त्या वजन उतरवायचं इंजेक्शन घेतात, त्यामुळे त्यांना भूकच लागत नाही. बशी आली की तिचा फोटो, मग काट्याच्या टोकावर मावेल एवढा घास, मग "नाइस" म्हणून बशी पुढे ढकलायची. बत्रासाहेब ज्याच्या त्याच्या बशीत स्वतःचा उष्टा काटा घालतात. त्याच काट्याने मग समोरचं भांडं ढवळतात. एकामागून एक बश्या येत होत्या आणि भरलेल्या परत जात होत्या. वाढणाऱ्या मुलीला मी खुणेने विचारलं, हे जातं कुठे? तिने मागच्या दारातल्या कचऱ्याच्या ड्रमकडे बोट केलं.

वाइनची तऱ्हा तर विचारू नकोस. एक माणूस येऊन शिकवतो. पेला फिरवायचा, नाक खुपसून हुंगायचा, मग घोट तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा खुळखुळवायचा आणि मधोमध ठेवलेल्या चांदीच्या बादलीत थुंकायचा. जेवणाच्या टेबलावर! ब्रेडच्या टोपलीशेजारी! बत्रासाहेबांचा नेम चुकला तेव्हा लाल शिंतोडे पांढऱ्या टेबलक्लॉथवर उडाले आणि सगळे खो खो हसले. मला आपल्या पूर्वीच्या ऑफिसच्या जिन्यातल्या कोपऱ्याची आठवण झाली.

मी मात्र प्रत्येक बशी संपवली. करू काय? अप्पांनी पानात टाकू दिलं नाही ते नाहीच. ब्रेडवर डुकराची कच्ची पांढरी चरबी आली, पातळ काप केलेली. ती मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. मग बुरशी धरलेलं चीज आलं, पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या चपलेचा वास येणारं. तेही गिळलं. तर रीटाजी म्हणतात, "देखो, उत्तराजी को कितना पसंद आया!" आणि निहारने लगेच टिपून घेतलं. तोंडात घास होता, नाही म्हणता आलं नाही.

तू रक्तदाबाची गोळी घेतोयस ना?

उत्तरा

—

द्वारका
९ जून २०२४

चि. उत्तरा,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून इतका हसलो की दामू स्वयंपाकघरातून धावत आला. खालच्या मजल्यावरच्या हरिदासलाही वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, कच्ची चरबी खाल्लेल्या बाईला यंदा गणपतीचा नैवेद्य करू द्यावा का, याचा विचार व्हायला हवा. आपल्या घरात मटण शिजतं, पण कुकरच्या शिट्ट्या झाल्याशिवाय त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि तू हे खाऊन बसलीस. ओवा आणि काळं मीठ तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात मी ठेवलं आहे. बघ.

इथे उन्हाने जीव नकोसा झाला आहे. सोसायटीत टँकर येतो, सगळे बादल्या घेऊन भांडतात. मी भांडणात निरुपयोगी, शिव्या ऐकू येत नाहीत, म्हणून मला पुढे उभं करतात.

आता महत्त्वाचं. पासपोर्टसाठी पोलिसवाला येऊन गेला. त्याने वहीत लिहून विचारलं, "इटली किसलिए?" मी म्हटलं, "भांजी की शादी है। मैं मामा हूँ।" त्यावर तो उठून उभा राहिला आणि हात जोडून काहीतरी म्हणाला. दामूने सांगितलं, तो म्हणत होता, मामा के बिना कैसी शादी! बघ, हरियाणातल्या माणसालाही कळतं. करोल बागेतल्या शिंप्याकडे बंद गळ्याचा कोट टाकला आहे. राखाडी. काळा म्हटलं तर शिंपी म्हणाला, बँडवाल्यासारखे दिसाल.

अजून एक, पण हसू नकोस. मी काट्याने आणि सुरीने जेवायला शिकतो आहे. दामू समोर बसून चुका काढतो. वरणभात काट्याने खाताना फार वेळ लागतो, पण पोळीचं जमतं.

निहारला एक विचारून ठेव. तनयाला मी बोहल्यावर नेणार ती वाट सपाट आहे की पायऱ्या आहेत? पायऱ्या असल्या तर मी आतापासून गुडघ्याचे व्यायाम सुरू करतो. नवरीला घेऊन येताना मामाच अडखळला असं नको व्हायला.

दादा

—

सिएनाजवळ
१० जून २०२४

बाळदादा,

ओवा सापडला. खाल्ला. उपयोग झाला नाही, कारण आज पुन्हा तेच, दुसऱ्या मळ्यावर.

आज सकाळी एक वाइन करणारे म्हातारेबुवा स्वतः मोटार चालवत आम्हाला तळघर दाखवायला घेऊन गेले. मोठमोठी लाकडी पिंपं, अंधार, ओला वास. त्यांनी आमच्यासाठी जुनी बाटली उघडली, तिच्याकडे लेकराकडे बघावं तसं बघत होते. बत्रासाहेबांनी घोट घेतला, खुळखुळवला आणि जमिनीवरच पिचकन थुंकले. म्हातारेबुवांनी नुसता पाय बाजूला घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणात कोंबडीच्या काळजाचं वाटण आलं, करड्या चिखलासारखं, ब्रेडवर थापलेलं. मी संपवलं. तनया माझ्या शेजारी होती. तिने चार बोटांनी बशी लांब केली आणि इंग्रजीत म्हणाली की ममा, प्लेट इतकी पुसू नकोस, यांना वाटेल आपल्याला घरी खायला मिळत नाही. हसत म्हणाली, पण म्हणाली. तिच्या बशीत सगळं तसंच. मी ते ओढून घ्यायला हात पुढे केला तर तिने माझा हात टेबलाखाली दाबला, सगळ्यांसमोर, लहान मुलाचा दाबतात तसा. मला स्वतःच्या पोरीची किळस आली.

आणि ऐक, मी परवा संपवलेल्या सगळ्या पदार्थांचं निहारने वेगळं टेबल ठरवलं आहे, "मुलीकडच्यांसाठी खास". चरबी, बुरशी आणि आता हे काळीज. नागपूरच्या मावशा हे खाणार!

पायऱ्यांचं अजून काही नक्की नाही. इथे ऑक्टोबरात चांगलीच थंडी पडते म्हणतात. आणि विमान लांबचं आहे, मध्ये बदलावं लागतं. तुझा गुडघा, तुझे कान. विमानात कानांना फार त्रास होतो म्हणे. कोटाची घाई करू नकोस. उन्हात करोल बागेत हेलपाटे कशाला?

उत्तरा

—

द्वारका
१० जून २०२४

उत्तरा,

मी तुला वाटेबद्दल विचारलं आणि तू मला थंडीबद्दल सांगितलंस. दिल्लीत पन्नास जानेवारी काढलेल्या माणसाला तू ऑक्टोबरची भीती घालतेस. आणि बहिऱ्या माणसाचे कान विमानात दुखतील याची तुला काळजी. नोकरीत इतकी वर्षं फायली लिहूनही तुला टाळाटाळ नीट लिहिता येत नाही. काय झालंय ते सरळ लिही.

मी माझा अंदाज सांगतो. फेब्रुवारीत आपण बत्रांकडे गुडगावला जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे ताटात पाणी ओतलं, बोटं विसळली, शितं गोळा केली आणि ते पाणी पिऊन टाकलं. अप्पा करायचे, आजोबा करायचे, मीही जन्मभर करतो. तुम्हा सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला काही कळलं नाही. मला ऐकू येत नाही उत्तरा, दिसतं. रीटाबाईंनी पापड खाली ठेवला तो परत उचलला नाही. आर्यन छताकडे बघत होता. तनयाने डोळे मिटले होते. आणि तू परत येताना गाडीत द्वारका येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतीस.

काटासुरी मी हौस म्हणून शिकत नाही. तेव्हा बत्रांनी काही म्हटलं असेल तर त्यांना सांग, मामा ताटात हात धुणार नाही, शिकून येतो आहे. ढेकरेचं वचन मी देऊ शकत नाही, कारण ती मला ऐकू येत नाही.

दादा

—

सिएनाजवळ
११ जून २०२४

दादा,

सांगते.

काल सकाळी त्या तळघरात जाण्याआधी निहार मला लग्न लागायची जागा दाखवत होता. दोन सरूच्या झाडांमधली वाट, तिच्या टोकाला मांडव. सपाट आहे. एकही पायरी नाही. मी म्हटलं, छान झालं, मामाच्या गुडघ्याची काळजी मिटली. तर तो हसतच म्हणाला, "मामाजी तो आ नहीं रहे ना, मैम? मामा वाली एंट्री तो उन्मेष सर कर रहे हैं।"

उन्मेष! यतीनचा चुलतभाऊ! म्हणजे तनयाचा काका. बाप गेलेल्या पोरीकडे ज्याने वीस वर्षांत ढुंकून पाहिलं नाही तो, टोरांटोचा. काका आता मामा होणार, कारण त्याला सूट चांगला दिसतो आणि तो काट्याने खातो. मी निहारला नातं समजावून सांगितलं तर म्हणाला, "फोटो में पता नहीं चलेगा, मैम।"

मला वाटलं हे बत्रांचंच काम. तणतणत रीटाजींकडे गेले. त्या खरोखरच गोंधळल्या. म्हणाल्या, "हमने तो कुछ नहीं कहा जी। तनया ने ही बताया कि मामाजी की तबीयत ठीक नहीं रहती।" 

मग तनयाला गाठलं. ती पोहायच्या तलावाशी पाय सोडून बसली होती. ती खोटं बोलली नाही, एवढंच काय ते बरं. म्हणाली, "ममा, मला किळस येते. आत्ताची नाही, लहानपणापासून. तो ते पाणी पितो तेव्हा मी डोळे बंद करते. माझ्या लग्नात, त्या सगळ्या लोकांसमोर, मला डोळे बंद करायचे नाहीत." मी म्हटलं, अगं, तुझा होणारा सासरा जेवणाच्या टेबलावर चूळ भरून थुंकतो, त्याची नाही येत किळस? तर म्हणाली, "ते टेस्टिंग आहे, ममा. सगळे करतात." मग म्हणाली, "तुला नाही येत मामाची? खरं सांग."

मी तलावाकडे बघत राहिले, दादा. तू गाडीतलं लिहिलंस, म्हणजे तुला माहीतच आहे.

तिला मी किती बोलायला हवं होतं! यतीन गेल्यावर तू बदली नाकारून आमच्याकडे राहायला आलास, तिला शाळेच्या बसपर्यंत नेलंस, तिच्या तापात रात्री काढल्यास, तिची ओकारी ओंजळीत घेतलीस. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यातलं एक अक्षर मी बोलले नाही. घंटा झाली आणि मी जेवायला गेले. आणि दादा, मी बशी संपवली. ते काळीज, ते चीज, सगळं. स्वतःचीच इतकी घाण वाटतेय की आरशासमोर उभं राहवत नाही.

आता तूच सांग काय करू. तुझं मन मोठं आहे, तू कधी कुणावर रागावला नाहीस. लग्न चार महिन्यांवर आलं आहे. पोरीचा संसार सुरू व्हायचा आहे. तू समजून घेशील असं वाटतं.

उत्तरा

—

द्वारका
११ जून २०२४

उत्तरा,

तुझं पत्र वाचल्यावर बराच वेळ बाल्कनीत बसलो होतो. उन्हातच. दामू छत्री घेऊन मागे उभा राहिला, मग मला हसू आलं आणि आत आलो.

तू लिहिलंस माझं मन मोठं आहे. ते तू ठरवलंस, मला न विचारता. मी मोठ्या मनाने म्हणावं की हो, तब्येत ठीक नसते, आशीर्वाद इथूनच देतो, म्हणजे तुम्ही दोघी सुटलात. मी ते म्हणणार नाही. मला मोठं मन नको आहे. मला यायचं आहे. 

मला राग आला आहे. तनयाचा कमी आणि तुझा जास्त. तिने निदान तोंडावर सांगितलं. तू चार दिवस लोकांच्या चरबीवर नाक मुरडून मला हसवत राहिलीस आणि ज्याची खरी शिसारी यायला हवी होती, ते मुकाट्याने गिळून बसलीस. मला तुझी पत्रं परत वाचवेनात.

एक सांगतो. शाळेची बस, ताप, ओकारी यातलं तिला काही ऐकवू नकोस. ते मी केलं कारण मला करायचं होतं. त्याचं बिल लग्नात लावायचं नसतं. फक्त एवढंच सांग की तिला मामा आहे, तो जिवंत आहे, आणि त्याची जागा रिकामी नाही. हे मी इथून सांगू शकत नाही. तिथे तू आहेस, तूच सांग.

दादा

—

फ्लॉरेन्स
१२ जून २०२४

दादा,

सांगितलं.

आज दुपारी शेवटचं जेवण होतं. निहार सगळा कार्यक्रम वाचून दाखवत होता. "ब्राइड विद मामाजी" असं म्हणून त्याने पडद्यावर उन्मेषचा फोटो आणला. मी उभी राहिले. हिंदीतच बोलले, नाहीतर अर्धं पोचलं नसतं. म्हटलं, "तनया के मामा का नाम बाळ है। वो बीमार नहीं हैं। वो आएँगे, और नहीं आएँगे तो मैं भी नहीं आऊँगी। ये जो फ़ोटो में हैं, ये इसके चाचा हैं। चाचा मामा नहीं होता।" आणि बोलायलाच उभी राहिले होते म्हणून पुढेही म्हटलं, "और वो चर्बी वाली ब्रेड हमारे मेहमानों के लिए मत रखिए। मुझे उलटी आती है।"

रीटाजी आ वासून बघत राहिल्या. म्हणाल्या, "पर आपने तो पूरा खाया था!" मी म्हटलं, आमच्याकडे पानात टाकत नाहीत, आवडो न आवडो. त्यांना ते समजलंच नाही. आवडत नाही ते कोणी का संपवेल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि दादा, त्या क्षणी तो मलाही पडला.

मला वाटलं होतं आता आभाळ कोसळणार. काहीच झालं नाही. बत्रासाहेबांनी बादलीत थुंकून ओठ पुसले आणि म्हणाले, "अरे बिल्कुल जी, मामाजी आएँ! निहार, एक टिकट और।" झालं. एक खुर्ची वाढवावी तितकं सोपं. त्यांना तुझं काही वाटलंच नव्हतं. त्या रात्री गुडगावला त्यांनी नाक मुरडलं असेल, पण दुसऱ्या दिवशी ते विसरलेही. लक्षात ठेवलं ते आपल्याच घराने. ही लाज कुठे नेऊन टाकू ते मला कळत नाही.

तनया टेबलावरून उठून गेली. फ्लॉरेन्सपर्यंत बसमध्ये ती मागे बसली आणि मी पुढे. आत्ता स्टेशनवर ती लांबच्या बाकावर आहे, हातात फोन. डोळे सुजलेत. आर्यन तिच्याजवळ नुसता बसून आहे, काही समजावत नाही, हे मला बरं वाटलं.

तुला कोट शिवून घ्यायचा तर घे. मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मला ती इतक्यात नको आहे.

उत्तरा

—

रोम एअरपोर्ट
१२ जून २०२४

मामा,

मराठीत लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये लिहिलं तर ते ऑफिसचं मेल वाटेल. चुका असतील. काही शब्द मला येत नाहीत, ते हिंदीत लिहीन.

सॉरी लिहून लिहून डिलीट केलं. ममा समजते मी बत्रा लोकांना इंप्रेस करायला केलं. नाही. त्यांना तर काहीच फरक पडत नाही, आज बघितलं मी. ते माझंच होतं. आठवीत माझ्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, तू त्यांच्यासमोर जेवलास आणि ते पाणी प्यायलास. दुसऱ्या दिवशी पूर्ण क्लास मला चिढवत होता. मी घरी येऊन तुला काही बोलले नाही. तू विचारलंस की रडलीस का, मी म्हटलं धूळ गेली. तेव्हापासून ते माझ्यात आहे. तू खूप चांगला आहेस, आणि मला किळस येते, दोन्ही खरं आहे. एकामुळे दुसरं कमी होत नाही. मी खूप ट्राय केलं.

निहारला मामा येणार नाही असं सांगताना मला काहीच वाटलं नाही. आज तो उन्मेषकाकांचा फोटो आला ना स्क्रीनवर, मामा म्हणून, तेव्हा पण किळस आली. ती किळस जास्त मोठी होती. ममा उठली नसती तर मी उठले असते का, माहीत नाही. उठले असते असं म्हणायचंय, पण माहीत नाही.

तू ये. पण मी असं खोटं नाही लिहिणार की आता मला चालतं. तू जेवशील तेव्हा मी दुसरीकडे बघेन. हे वाचून राग आला तर नको येऊस, मी समजून घेईन. 

तनया

—

द्वारका
१३ जून २०२४

चि. तनया,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझ्या मराठीत चुका आहेत, पण मला एकही जागा अडली नाही.

आठवीतलं तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी मुलींसमोर जेवलो नसतो. आता त्याला इलाज नाही. किळस येते तर येऊ दे, ती कोणाच्या सांगण्याने जात नाही. मलाही लोकांच्या पुष्कळ गोष्टींची येते, फक्त मी त्यांना माझ्या घरातून काढत नाही. तू मला काढलंस, ते मला लागलं. चार दिवस लागेल, मग कमी होईल. कदाचित पूर्ण जाणार नाही. तेही खरं म्हणून तुला लिहिलं, तू खरं लिहिलंस म्हणून.

मी येणार. तुझ्या आईमुळे नाही आणि बत्रासाहेबांनी एक तिकीट वाढवलं म्हणूनही नाही. काटासुरीने जेवेन, जेवढं जमेल तेवढं. मी जेवत असताना तू दुसरीकडे बघ, माझी हरकत नाही.

बोहल्यावर मामा नवरीच्या मागे उभा असतो. तेव्हा तुला मी दिसणार नाही, त्याची काळजी करू नकोस. मला तू दिसशील. मला तेवढ्यासाठीच यायचं आहे.

मामा